तालमीत शब्द कोणाचा?

हिटलरने पळवलेलं स्वस्तिक परत आणायला गणपती जर्मनीला निघतो. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरातल्या ‘बॅक टू बॅक थिएटर’ने २०११ साली मेलबर्नच्या महोत्सवात हे नाटक उभं केलं. नाव ‘गणेश व्हर्सेस द थर्ड राईश’. सोंडेचा मुखवटा चढवणारा नट आणि त्याचे बहुतेक सहकारी बौद्धिक अपंगत्व असलेले. देवाची विटंबना होणार म्हणून काही हिंदू संघटनांनी प्रयोगाआधीच निषेधाची पत्रकं काढली. आपल्याकडे निम्मी हौशी रंगभूमी गणपतीच्या मांडवातच वाढली. त्यामुळे गणपती नाटकात आला याचं मराठी प्रेक्षकाला नवल वाटणार नाही. त्याला चटका लावेल ते वेगळंच. निम्मं नाटक गणपतीचं आहे आणि निम्मं त्या नाटकाच्या तालमीचं. तालमीतला दिग्दर्शक धडधाकट आहे. सुरुवातीला तो गोड बोलतो, मग समजावतो आणि शेवटी हाताला धरून ढकलतो. एका नटाला खरं आणि खोटं यांतला फरक तरी कळतो का, अशी चर्चा त्या नटाला समोर बसवून होते. मधेच दिग्दर्शक समोरच्या खुर्च्यांकडे बघत, इथे येणारे प्रेक्षक विचित्र माणसं बघायलाच येणार, असं बोलून मोकळा होतो. त्या खुर्च्यांत आपणच बसलेलो असतो.

अपंग कलाकारांच्या सामूहिक रंगभूमीचा आढावा घ्यायचा, तर मला हीच कसोटी सगळ्यांत खरी वाटते. रंगमंचावर किती जण होते, ते किती धीराने वावरले, टाळ्या किती पडल्या, हे वृत्तांतात येतं. तालमीत शेवटचा शब्द कोणाचा होता, हे सहसा येत नाही.

मराठीतला या कामाचा इतिहास लहान नाही. कांचन सोनटक्के यांनी १९८१ साली मुंबईत ‘नाट्यशाला’ सुरू केली. अंध, कर्णबधिर, मतिमंद अशा मुलांच्या शाळांत नाटक नेऊन शिकवण्याचं साधन म्हणून ते वापरायचं, असा तिचा पाया. राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या नाट्यस्पर्धांत आता दिव्यांग बालनाट्य हा वेगळा विभाग आहे. विशेष शाळांचे शिक्षक संहिता लिहितात, कपडेपट जमवतात, एसटीने मुलांना केंद्रावर नेतात आणि पारितोषिक मिळालं की शाळेत वाजतगाजत मिरवणूक निघते. हे शिक्षक दिग्दर्शक म्हणून कुठे नावाजले जात नाहीत. तरी या क्षेत्राचा खरा अनुभव त्यांच्याच पदरी आहे.

या सगळ्यात एक भोक मात्र आहे. विभाग बालनाट्याचा आहे. शाळेत आठवीपर्यंत बक्षिसं मिळवणाऱ्या मुलीने अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर जायचं कुठे? हौशी स्पर्धा सर्वांना खुली आहे, हे उत्तर कागदावर बरोबर आहे. हौशी संस्थेची तालीम रात्री नऊला कुठल्याशा दुसऱ्या मजल्यावर सुरू होते आणि शेवटची लोकल गाठायच्या बेताने संपते, हे तिथे जाणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे दार उघडं आहे, जिना तेवढा आहे. मोठ्यांसाठी वेगळा दिव्यांग विभाग काढावा, असं मला वाटत नाही. त्याने वेगळी पंगत तेवढी कायम होईल.

प्रौढ अंध कलाकारांना घेऊन सातत्याने नाटक करणाऱ्यांत स्वागत थोरात यांचं नाव पहिलं. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक त्यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू केलं, म्हणून ते अनेकांना माहीत असतात. नाटकाचं काम त्याआधीचं. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ साली, त्यांनी ८८ अंध कलाकारांना घेऊन ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ केलं. या आकड्याची विक्रम म्हणून नोंद झाली आणि बातम्याही आकड्याच्याच झाल्या. पुढे त्यांनी ४४ अंध कलाकारांसह ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि त्यानंतर १९ जणांचं ‘अपूर्व मेघदूत’, गणेश दिघे यांच्या संहितेवर. ८८, ४४, १९. माझ्या लेखी ही उतरती भाजणी प्रगतीची आहे. ८८ जणांचा समूह असतो. १९ जणांची पात्रं होऊ शकतात.

यातल्या ‘तीन पैशाचा तमाशा’पाशी थोडं थांबायला हवं. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चं केलेलं हे मराठी रूप. १९७८ साली थिएटर अकॅडमीने ते जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात गाजवलं. ब्रेख्तच्या मूळ नाटकात पीचम नावाचा एक इसम आहे. भिकाऱ्यांना खोटं अपंगत्व भाड्याने देणं हा त्याचा धंदा. कुबड्या, पट्ट्या, आंधळेपणाचं सोंग, सगळं त्याच्या दुकानात. लोकांची दया कशाने पाझरते आणि किती दिवसांत आटते, याचा हिशेब तो ठेवतो. आता हा माल विकणारा आणि घेणारा, दोघंही खरोखर अंध नटांनी उभे केले, तर समोरच्या प्रेक्षकाची काय अवस्था व्हावी? त्याने दयेपोटी खिशात घातलेला हात तिथेच अडकला पाहिजे. ब्रेख्तलाही याहून धारदार पात्रयोजना सुचली नसती. माझ्या वाचनात जे वृत्तांत आले, त्यांत याचा उल्लेख नव्हता. दिसत नसताना हे लोक एकमेकांवर आपटत नाहीत, याचं कौतुक होतं. ‘मेघदूता’चंही तेच. रामगिरीवरून अलकेपर्यंतची वाट यक्ष मेघाला सांगतो. डोंगर, नद्या, उज्जयिनीचे वाडे, सगळं डोळ्यांपुढे उभं करत. तो स्वतः ती वाट चालत नसतो, मनाने चालतो. न पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन ऐकून तिचं चित्र मनात बांधणं हा अंध माणसाचा रोजचा व्यवहार. कालिदासाचा यक्ष त्याला परका कसा असेल? अशा अंगाने समीक्षकांनी लिहायला हवं होतं. आपले समीक्षक अपंगांच्या नाटकाला गेले की लेखणी खाली ठेवतात आणि रुमाल काढतात. वाईट प्रयोगाला वाईट म्हणण्याइतकं त्या कलाकारांना कुणी मोजत नाही.

तालमीतलं तंत्र बघितलं की कौतुक आपोआप दुसऱ्या जागी जातं. डोळस नटाला दिग्दर्शक करून दाखवतो. अंध नटाला दाखवण्याचा मार्ग बंद. खांदे पाडून उभं राहणं किंवा मान वळवणं हे त्याला दिग्दर्शकाच्या अंगाला हात लावून, नाहीतर स्वतःच्या स्नायूंत शोधून सापडतं. रंगमंचावरची जागा तो पावलांच्या मोजणीने, पायाखालच्या जाजमाच्या कडेने आणि समोरच्याच्या आवाजाच्या दिशेने ठरवतो. मग एका नटाने वाक्य गाळलं तर घोळ संवादापुरता राहत नाही, दुसऱ्याच्या पायाखालचा नकाशाच हरवतो. दौऱ्यात आणखी एक पेच असतो. एका गावचा रंगमंच तीस फुटी, पुढच्या गावचा चोवीस. मोजलेली पावलं विंगेत जाऊन आदळतात. त्यामुळे प्रत्येक नव्या नाट्यगृहात प्रयोगाआधी दोन-तीन तास मोकळा रंगमंच मिळावाच लागतो. आपल्याकडे नाट्यगृह सत्राच्या भाड्याने मिळतं आणि आधीच्या सत्राचं नेपथ्य उतरतं न उतरतं तोवर आपला टेम्पो दाराशी उभा असतो. या दोन-तीन तासांचे पैसे कोण भरणार? अंध कलाकारांच्या नाटकाचे प्रयोग मोजकेच का होतात, याचं कारण जिद्द कमी पडली यात शोधू नये, ते इथे आहे.

कर्णबधिरांची रंगभूमी ही वेगळी गोष्ट आहे. तिला स्वतःची भाषा आहे. अमेरिकेत ‘नॅशनल थिएटर ऑफ द डेफ’ १९६७ साली निघालं, लॉस एंजेलिसचं ‘डेफ वेस्ट’ १९९१ मध्ये. ‘डेफ वेस्ट’ने २०१५ साली ब्रॉडवेवर ‘स्प्रिंग अवेकनिंग’ हे संगीतक आणलं. त्यात कर्णबधिर नट सांकेतिक भाषेत बोलत आणि त्यांच्या सोबतीचे ऐकू येणारे नट तेच शब्द गात. एन्ट्रीची खूण दिव्याने किंवा खांद्यावरच्या स्पर्शाने. गाणारा जोडीदार सावलीसारखा वावरला की नुसता दुभाषा झाला, यावर प्रसंगाचा अर्थ बदले. इस्राएलमधल्या ‘नालागात’ या संस्थेचे नट तर ऐकू शकत नाहीत आणि पाहूही शकत नाहीत. त्यांच्या ‘नॉट बाय ब्रेड अलोन’ या नाटकात ते रंगमंचावर कणीक मळतात, पाव भट्टीत घालतात आणि भाजून होईपर्यंतच्या वेळात आपापल्या गोष्टी सांगतात. प्रसंग बदलल्याची खूण ढोल वाजवून दिली जाते, ती त्यांना फळ्यांच्या थरथरीतून कळते. शेवटी प्रेक्षकांना वर बोलावून तो ताजा पाव खायला देतात.

आपल्याकडे? गॅदरिंगला गेलेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिलेलं आहे. कर्णबधिर मुलं नाचतायत आणि रंगमंचासमोर, प्रेक्षकांकडे पाठ करून, एक बाई जीव तोडून खुणा करतायत. मुलांचे डोळे बाईंवर, आपले मुलांवर. बाईंच्या कष्टांना तोड नाही. पण मुलं एकमेकांकडे बघत नाहीत, आणि एकमेकांकडे बघितल्याशिवाय नाटक होत नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ साली स्थापन झालं, कोश तयार झाला. त्या भाषेतच सुचलेलं, कर्णबधिर लेखकाने रचलेलं नाटक मराठी प्रेक्षकाला बघायला मिळणं अजून बाकी आहे.

अपंग पात्राची भूमिका कोणी करायची, हा तंटा जगभर पेटलेला आहे. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’तला मतिमंद बच्चू अतुल परचुरे यांनी केला आणि तो अभिनयाचा नमुना म्हणून सांगितला जातो. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मधला नसीरुद्दीन शहांचा अंध मुख्याध्यापक तसाच. ही कामं खोटी ठरवण्याची मला घाई नाही. ‘नातीगोती’ हे मुळात आईबापांचं नाटक आहे आणि तिथे ते सच्चं आहे. पण बच्चूच्या बाजूने लिहिलेलं नाटक कुठे आहे, असं विचारलं की मराठी रंगभूमी घसा खाकरते. २०२५ साली ‘सितारे जमीन पर’मध्ये बौद्धिक अपंगत्व आणि स्वमग्नता असलेले दहा नट पडद्यावर आले, लोकांनी पैसे मोजून ते पाहिले. तिथेही गोष्ट प्रशिक्षकाच्या सुधारण्याची.

लंडनची ‘ग्रेआय’ ही कंपनी १९८० साली नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी काढली. जेनी सीली यांनी १९९७ साली तिची सूत्रं हाती घेतली आणि त्या स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांचा आग्रह असा की सांकेतिक भाषा, दृश्यांचं शब्दवर्णन, पडद्यावरची अक्षरं या सोयी प्रयोग बसल्यावर वरून चिकटवायच्या नाहीत, संहितेच्या पहिल्या वाचनापासून नाटकातच मुरवायच्या. बॅक टू बॅकने २०१९ च्या ‘द शॅडो हूज प्रे द हंटर बिकम्स’मध्ये यालाही चिमटा काढला. नटांची वाक्यं वरच्या पडद्यावर उमटत राहतात आणि आपलं बोलणं प्रेक्षकांना असं लिहून का दाखवावं लागतं, यावर नटच भांडायला उठतात. याच संस्थेला २०२२ साली आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये व्हेनिसच्या नाट्यमहोत्सवात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह. दयेचे पुरस्कार नव्हेत हे.

आता परदेशातल्या मराठी नाटकाकडे वळू. उदाहरणाला मॉरिसव्हिल. उत्तर कॅरोलायनात राली आणि डरहॅम यांच्या मधोमध, विमानतळाला खेटून असलेलं हे गाव. २०२० च्या शिरगणतीत वस्ती तीस हजारांच्या आत-बाहेर, त्यातली निम्म्याच्या जवळपास आशियाई वंशाची. २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने इथल्या मैदानावर झाले. एव्हिएशन पार्कवेवर हिंदू सोसायटीचं मंदिर. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांनी आणलेली मराठी घरं इथे आणि शेजारच्या कॅरीत पसरलेली आहेत. गणेशोत्सवात एकांकिका, दिवाळीत नाटुकलं आणि मुंबई-पुण्याहून दौरा आला की एखाद्या शाळेचं सभागृह भाड्याने, हा इथला नाट्यसंसार.

सोयींच्या बाबतीत हा मुलूख महाराष्ट्राच्या पुढे आहे, यात शंका नाही. १९९० च्या अपंग हक्क कायद्याने सभागृहात व्हीलचेअरची जागा, ऐकण्याची साधनं, रॅम्प हे सक्तीचं केलं. रालीची ‘आर्ट्स अ‍ॅक्सेस’ ही संस्था परिसरातल्या नाटकांना अंध प्रेक्षकांसाठी शब्दवर्णनकार पुरवते. नट रंगमंचावर काय करतोय ते कानातल्या यंत्रात हलक्या आवाजात, संवादांच्या फटीत बसवून सांगणारा माणूस. डरहॅमच्या ‘शालीह डान्स वर्क्स’ने ‘एन्व्हिजन’ हा प्रयोग अंध सहकाऱ्यांबरोबर रचला. डोळ्यांनी बघण्यापलीकडचं नृत्य कसं अनुभवता येईल, हाच त्याचा विषय. म्हणजे नमुना अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे.

पण कायदा प्रेक्षागृहापर्यंत पोचतो आणि तिथे थकतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या अ‍ॅली स्ट्रोकरला २०१९ साली ‘ओक्लाहोमा!’साठी टोनी पुरस्कार मिळाला. असा पुरस्कार मिळवणारी ती पहिली व्हीलचेअरधारी अभिनेत्री. पुरस्कार सोहळा झाला त्या न्यूयॉर्कच्या भव्य सभागृहात प्रेक्षकांतून रंगमंचावर जायला रॅम्प नव्हता, म्हणून नाव पुकारलं जाईपर्यंत तिला रंगमंचामागे थांबावं लागलं. अपंग माणूस प्रेक्षक असू शकतो, एवढंच बांधणाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं. शिवाय धार्मिक संस्थांना या कायद्याच्या खासगी जागांविषयीच्या भागातून सूट आहे, आणि परदेशी मराठी नाटकाचा बराच संसार देवळांच्या सभागृहांत थाटलेला असतो.

त्याहून अवघड जागा तालमीची. इथल्या घरांत ‘बोनस रूम’ नावाची एक खोली असते, बहुधा गराजच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. निम्म्या एकांकिका तिथेच बसतात. ऑफिस सुटल्यावर मंडळी जमतात, एका बाजूला पोहे, दुसऱ्या बाजूला मुलांचा गोंधळ, मध्ये गालिच्यावर पट्टी चिकटवून आखलेला रंगमंच. जिना चढता न येणारा माणूस संहितेचं वाटप होण्याआधीच गळालेला असतो. कुणी त्याला नाही म्हटलेलं नसतं. विचारलेलंच नसतं. खाली दिवाणखान्यात सोफे सरकवून तालीम घ्यायला खर्च शून्य येतो.

आणि आपली मुलं? स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली कितीतरी मराठी मुलं अमेरिकेतल्या विशेष शिक्षणाच्या आधाराने वाढतात. शाळेत थेरपिस्ट आहे, सोबतीला साहाय्यक आहे. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी शाळेचा हक्क संपतो आणि मुलगा घरी बसतो. महाराष्ट्रात बालनाट्य संपल्यावर जे होतं, तेच इथे शाळा संपल्यावर. आईवडील पन्नाशी-साठीला आलेले, मुलाला मराठी कळतं, गाणी पाठ, ओळखीच्या माणसांत तो खुलतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी चालणारी, घाई नसलेली तालीम त्याला मानवू शकते. संवाद न येणाऱ्याला आवाज, लय, वस्तू, हालचाल देता येते. स्वित्झर्लंडच्या ‘थिएटर होरा’ने जेरोम बेलबरोबर २०१२ साली केलेल्या ‘डिसेबल्ड थिएटर’मध्ये अकरा नट एकेक करून येतात आणि मिनिटभर नुसते उभे राहतात. मग नाव, वय, व्यवसाय सांगतात, आपलं अपंगत्व सांगतात आणि स्वतः निवडलेल्या गाण्यावर स्वतः बसवलेला नाच करतात. त्यातले सातच नाच दिग्दर्शकाने निवडले, हेही प्रेक्षकांना सांगितलं जातं. मग उरलेले चौघे बोलतात आणि तेही नाचतात. त्यातली युलिया हॉयझरमान २०१३ साली बर्लिनमध्ये अभिनयाचा आल्फ्रेड केर पुरस्कार घेऊन गेली. हे ना नेपथ्याचं नाटक आहे, ना पाठांतराचं.

शेवटी ‘नाईट’चं बोलायला हवं. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला प्रयोगागणिक जे मानधन मिळतं ते नाईट. बॅक टू बॅकचे नट पगारी आहेत. आपल्याकडे अपंग कलाकाराला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन बोळवण करायची पद्धत. अमेरिकेत तर पैसे देणं हाही एक गुंता आहे. गरजू अपंगांना मिळणाऱ्या एसएसआय या सरकारी भत्त्यासाठी स्वतःच्या नावावरची मालमत्ता दोन हजार डॉलरच्या वर चालत नाही, आणि हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. महिन्याच्या कमाईतले पहिले काही डॉलर सोडले, तर पुढच्या प्रत्येक दोन डॉलरमागे भत्त्यातून एक कापला जातो. म्हणून कितीतरी पालक मानधन नको म्हणतात आणि संस्थांना ते सोयीचंही पडतं. २०१४ च्या कायद्याने निघालेल्या ‘एबल’ खात्यात अशी रक्कम साठवली तर लाखभर डॉलरपर्यंत ती मालमत्तेत धरली जात नाही. उत्पन्न म्हणून ती मोजली जातेच. उत्तर कॅरोलायनात हे खातं उघडता येतं. मराठी मंडळाच्या खजिनदाराने पालकांबरोबर एक संध्याकाळ बसून हा हिशेब मांडायचा आहे. साउंडवाल्याचा चेक तो दर वर्षी न चुकता लिहितोच.